मुलांच्या तोंडाच्या संवयी

‘फैजपूर’ हें नांव एकवार सावकाश उच्चारून पाहावें. ‘फ’ म्हणतांना पुष्कळांचा खालचा ओंठ वरच्या दांतांना लागतो. ‘ज’ येथें ‘जग’ या शब्दांतल्यासारखा दंततालव्य आहे. त्यासाठीं जिभेचें टोंक दांतांच्या मुळाशीं जातें. ‘प’ साठीं दोन्ही ओंठ पुरते मिटावे लागतात, आणि ‘र’ साठीं जीभ मोकळेपणीं थरथरावी लागते. चार अक्षरांच्या या नांवांत ओंठ, दांत, जीभ व टाळू या सर्वांची हजेरी घेतली जाते. चार-पांच वर्षांचें निरोगी मूल आपल्या गांवाचें नांव सहज सांगतें. परंतु ज्याचे समोरचे दांत एकमेकांस भेटत नाहींत, ज्याचे ओंठ सदा विलग राहतात व ज्याचें नाक चोंदलेलें असतें, अशा मुलाची या चार अक्षरांत चार ठिकाणीं अडचण होते.

फैजपूर महाराष्ट्रास माहीत आहे तें १९३६ च्या डिसेंबरांत तेथें भरलेल्या राष्ट्रसभेच्या अधिवेशनामुळें. खेड्यांत भरलेलें राष्ट्रसभेचें तें पहिलें अधिवेशन. व्यापाऱ्यांस तें केळींच्या मळ्यांमुळें माहीत आहे. प्रस्तुत विषयास तें निराळ्याच कारणानें उपयोगी पडतें. मुलाचें तोंड आपलें काम नीट करीत आहे कीं नाहीं, हें ओळखण्याच्या दोन घरगुती कसोट्या म्हणजे त्याचें खाणें आणि त्याचें बोलणें. सातपुड्याच्या पायथ्याच्या या मुलखांत खाणें व बोलणें या दोहोंचीही तऱ्हा अशी आहे कीं, कसोटी कोठें खरी उतरते आणि कोठें फसवते, हें तेथें विशेष स्पष्ट दिसतें.

आधीं तोंडाच्या रचनेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. हाडांचा सांचा अगोदर तयार होतो आणि मग जीभ त्यांत राहावयास येते, अशी सामान्य समजूत असते. वाढत्या वयांत वस्तुस्थिति बरीचशी उलट आहे. कुंभार मडकें थापटतांना एक हात आंतून धरतो व दुसऱ्यानें बाहेरून थापटतो. दोन्ही हातांच्या मधोमध मडक्याची भिंत आकार घेते. दांतांच्या कमानीचें असेंच आहे. आंतून जीभ आणि बाहेरून ओंठ व गाल यांचा हलका पण अखंड दाब तिच्यावर पडत असतो, आणि हे दाब जेथें समतोल होतात तेथें दांत उभे राहतात. म्हणून मुलाच्या तोंडांत तासन्‌तास काय ठेवलेलें असतें, जीभ कोठें विसावते आणि ओंठ मिटलेले असतात कीं उघडे, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी हाडामांसावर लिहिल्या जातात.

चोखणें मुलाला कोणी शिकवीत नाहीं. गर्भांत असतांनाच मूल अंगठा तोंडांत घालतें, हें आतां सोनोग्राफीच्या चित्रांत प्रत्यक्ष पाहावयास मिळतें. जन्मल्यानंतर कांहीं काळ चोखणें हेंच त्याचें पोट भरण्याचें, शांत होण्याचें व जग ओळखण्याचें साधन असतें. आईच्या अंगावर पितांना बाळाला जबडा, जीभ व ओंठ या सर्वांकडून मेहनत घ्यावी लागते. बाटलींतलें दूध त्या मानानें फुकट मिळतें. २०१६ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानें जगभरच्या अभ्यासांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यांत अंगावर प्यालेल्या मुलांमध्यें दांतांची विषम जुळणी पुष्कळच कमी आढळते, असें नमूद आहे. दूध पाजण्याच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास आपल्या देशांत १९९२ च्या कायद्यानें बंदी आहे. ती बंदी मुख्यतः अतिसार व कुपोषण यांच्या भीतीनें आली. पण जबड्यालाही तिचा लाभ झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. आईचें दूध नसेल तेव्हां आजीबाई बोंडल्यानें किंवा वाटी-चमच्यानें दूध पाजीत. ती रीत बाटलीपेक्षां शहाणपणाची होती.

अंगठा चोखणाऱ्या मुलाविषयीं निरनिराळ्या समाजांची वृत्ति किती भिन्न असावी! भागवताच्या बाराव्या स्कंधांत मार्कंडेय ऋषीला प्रलयाच्या जळांत वडाच्या पानावर पहुडलेलें बालक दिसतें. तें पायाचा अंगठा तोंडांत धरून चोखीत असतें. त्या बाळमुकुंदाचें चित्र आजही कितीतरी घरांत भिंतीवर असतें. याच्या उलट, फ्रँकफुर्टचे वैद्य हाइनरिश हॉफमन यांच्या १८४५ सालच्या प्रसिद्ध बालपुस्तकांत अंगठा चोखणाऱ्या मुलाचे दोन्ही अंगठे एक शिंपी भल्यामोठ्या कात्रीनें छाटून टाकतो. एकीकडे पूजा, दुसरीकडे कात्री. आपल्या घरांत बहुधा दोन्ही नांदतात: वर्षाच्या बाळानें अंगठा चोखला तर कौतुक होतें, आणि पांच वर्षांच्या मुलानें तेंच केलें तर अंगठ्याला मिरची किंवा कारल्याचा रस फांसला जातो. मुलाला मात्र यांतला फरक कोणी समजावून सांगितलेला नसतो. जी गोष्ट कालपर्यंत गोड होती ती आज लाजिरवाणी कां झाली, हें त्याला कळावें तरी कसें?

फरक वयाचा आहे. बहुसंख्य मुलें दुसऱ्या व चवथ्या वर्षांच्या दरम्यान आपण होऊन अंगठा सोडतात. तोंवर काळजीचें फारसें कारण नसतें. दुधाचे वीस दांत अडीच-तीन वर्षांपर्यंत येऊन पुरे होतात; सहाव्या वर्षाच्या सुमारास कायमच्या दाढा व खालचे पुढचे दांत येऊं लागतात, आणि सातव्या-आठव्या वर्षीं वरचे पुढचे. हे कायमचे दांत बाहेर पडत असतांना अंगठा आडवा असेल, तर वरचे दांत पुढें ढकलले जातात, खालचे आंत कलतात, आणि दाढा मिटल्या तरी समोर फट राहते. अंगठा तोंडांत असतांना जीभ खालीं दबलेली असते व गाल आंत ओढले जातात. टाळूला आंतून आधार नाहीं आणि बाहेरून मात्र दाब आहे, अशा स्थितींत वरची कमान अरुंद होते. टाळू हेंच नाकाचें तळ असल्यामुळें त्या अरुंदपणाचा परिणाम नाकाच्या वाटेवरही होतो.

येथें एक गोष्ट पालकांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. दांत सरकतात ते जोरानें नव्हे, कालावधीनें. अगदीं हलका दाबही दिवसाकांठीं सुमारें सहा तास टिकला तर दांत हलूं लागतात, असें दंतवैद्यक मानतें. तेव्हां शाळेंतून आल्यावर दहा मिनिटें अंगठा तोंडांत घालणाऱ्या मुलापेक्षां रात्रभर तो तोंडांत ठेवून झोपणारें मूल अधिक नुकसान करून घेतें, आणि त्या वेळीं त्याला दटावणारेंही कोणी जागें नसतें. दिवसा पाहुण्यांच्या देखत केलेली टोंचणी म्हणूनच दुहेरी व्यर्थ ठरते.

समोर फट पडली कीं गिळण्याची रीतही बिघडलेलीच राहते. तान्हें मूल गिळतांना जीभ हिरड्यांच्या मधोमध पुढें आणतें. दांत आल्यावर निरोगी मूल जीभ वरच्या दांतांच्या मागें टाळूला टेकवून गिळूं लागतें. हें स्थित्यंतर गाजावाजा न होतां घडतें. ज्याच्या समोरच्या दांतांत फट आहे त्याला मात्र तोंड बंद करण्यासाठीं जीभच त्या फटींत घालावी लागते. माणूस दिवसांतून शेकडों वेळां थुंकी गिळतो. प्रत्येक वेळीं जीभ त्या वाटेनें पुढें येते, आणि विसाव्यालाही तेथेंच राहते. अंगठा सुटला तरी त्याची जागा जिभेनें घेतलेली असते. म्हणजे संवयीनें विकृति झाली आणि विकृतीनें दुसरी संवय लावली.

अंगठ्याकडे सर्वांचें लक्ष जातें. उघड्या तोंडाकडे मात्र कोणाचें जात नाहीं. वास्तविक तोंडानें श्वास घेणें ही पुष्कळदां संवय नसून नाइलाज असतो. १८६८ सालीं कोपनहेगनचे वैद्य विल्हेल्म मेयर यांनीं नाकाच्या मागच्या बाजूस, घशाच्या वरच्या भागांत वाढणाऱ्या मांसल गांठींचें वर्णन केलें. त्यांनाच आज ‘ॲडेनॉइड’ म्हणतात. त्या सर्वच मुलांत असतात व मोठेपणीं आकसतात; पण कांहींत इतक्या फुगतात कीं नाकाचा मार्गच बुजतो. धुळीची, धुराची वा परागकणांची वावडी असलेल्या मुलांत नाकाचा आंतला पडदा सुजून तोच परिणाम होतो. असें मूल तोंड उघडें ठेवतें, जीभ खालीं पडते, आणि टाळूला पूर्वीं सांगितलेला आंतला आधार मिळेनासा होतो. केवळ नाक बुजल्यानें जबड्याची घडण पालटूं शकते, हें एगिल हार्व्हल्ड या संशोधकानें वाढत्या वयाच्या माकडांच्या नाकपुड्या बंद करून दाखविलें. त्याचे हे प्रयोग १९८१ सालीं प्रसिद्ध झाले. प्रयोग क्रूर होता, यांत शंका नाहीं. पण त्यानंतर ‘चेहऱ्याची ठेवण आईबापांचीच, तिला इलाज काय?’ एवढें म्हणून थांबतां येत नाहीं.

तोंडानें श्वास घेणाऱ्या मुलाची रात्र विशेष पाहण्यासारखी असते. घोरणारें मूल म्हणजे गाढ झोपलेलें मूल, असा आपल्याकडे एक भाबडा समज आहे. प्रत्यक्षांत त्या मुलाची झोप पुनःपुन्हां मोडत असते. उशी लाळेनें भिजते, सकाळीं ओंठ व घसा कोरडा पडलेला असतो, आणि वर्गांत तें पेंगतें किंवा उलट कमालीचें चुळबुळें होतें. मास्तर त्याला आळशी ठरवतात आणि घरचीं माणसें मठ्ठ. अशा वेळीं शिकवणी लावण्यापूर्वीं नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जाणें अधिक फलदायी ठरतें. रात्रीं तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचें जें एक नवें खूळ अलीकडे पसरलें आहे, तें मुलांच्या बाबतींत तर धोक्याचेंच आहे. ज्याचें नाक बंद आहे त्याचें तोंडही बंद केल्यावर त्यानें श्वास घ्यावा कोठून?

आतां पहिली घरगुती कसोटी, खाण्याची. जळगांव जिल्ह्याचीं केळीं आणि तेथील भरिताचीं वांगीं या दोहोंनाही भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. गंमत अशी कीं, जिल्ह्याचे हे दोन्ही मानकरी दांतांकडून कांहींच मागत नाहींत. पिकलें केळें जिभेनें टाळूवर दाबलें कीं विरघळतें. भरीत तर आधींच भाजून बडग्यानें ठेचलेलें असतें. ज्या मुलाला नीट चावतां येत नाहीं तें अशा मुलखांत दुधावर, केळ्यावर व मऊ भातावर वर्षें काढूं शकतें, आणि घरचीं माणसें ‘पोर जरा नाजूक आहे, त्याला मऊच लागतें’ असें म्हणून मोकळीं होतात. खरी परीक्षा होते ती कळण्याच्या भाकरीशीं. ज्वारी व उडदाच्या त्या खमंग भाकरीचा तुकडा समोरच्या दांतांनीं तोडावा लागतो, मग जीभ तो दाढांखालीं सारते, ओंठ मिटून तो चावावा लागतो, आणि चावतांना श्वास नाकानें चालू ठेवावा लागतो. ज्याच्या समोरच्या दांतांत फट आहे तें मूल तुकडा हातानें मोडून थेट दाढांकडे सारतें. ज्याचें नाक बंद आहे त्याला चावणें आणि श्वास घेणें या दोहोंत निवड करावी लागते. म्हणून तें दोन घांस चावतें, थांबतें, तोंड उघडतें, किंवा घांस पाण्याच्या घोटाबरोबर उतरवतें. पंगतींत तें सर्वांत मागें राहतें. उसाचें कांडें सोलून खाण्याचा मोसम आला कीं तें बाजूला बसतें. हे सारे हट्ट नव्हेत, ह्या खुणा आहेत.

दुसरी कसोटी बोलण्याची. आणि येथें सावधगिरी अधिक पाहिजे. आपल्या पूर्वजांनीं वर्णमाला रचली ती तोंडाचा नकाशा समोर ठेवूनच. कंठापासून आरंभ करून तालु, मूर्धा, दंत आणि शेवटीं ओष्ठ, असा आंतून बाहेर येणारा तो क्रम आहे. मुखाच्या कार्यांत बिघाड कोठें आहे, तें या नकाशावर पाहतां येतें. समोर फट असलेल्या मुलाची जीभ दांतांच्या मागें न थांबतां बाहेर डोकावते. म्हणून ‘साखर’ ही ‘थाखर’ सारखी ऐकूं येते, आणि ‘चमचा’, ‘चाक’, ‘जाळें’ यांतले मराठीचे खास दंततालव्य वर्ण बिघडतात. वरचे दांत फार पुढें आलेल्या मुलाला ओंठ मिटणें जड जातें, तेव्हां ‘प’, ‘ब’, ‘म’ ढिले होतात. नाक चोंदलेल्या मुलाचे अनुनासिक हरवतात: ‘म’ चा ‘ब’ होतो व ‘न’ चा ‘द’. असें मूल मामाला हांक मारतें ती बापाला मारल्यासारखी ऐकूं येते, आणि घरांत हंशा पिकतो. हंशा संपल्यावर नाक तपासून घ्यावें.

पण फैजपूरच्या शाळेंत मूल ‘केळी’ ला ‘केयी’ म्हणालें, ‘डोळा’ ला ‘डोया’ आणि ‘शाळा’ ला ‘शाया’ म्हणालें, तर तो जिभेचा दोष नव्हे. यावल-रावेर भागांतल्या लेवा गणबोलींत ‘ळ’ च्या जागीं ‘य’ येतो. बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांनीं ती लकब साऱ्या महाराष्ट्राच्या कानांवर घातली आहे. पुण्या-मुंबईहून बदलून आलेल्या शिक्षकानें ही बोली अशुद्ध समजून मुलाची जीभ सुधारावयास निघावें, आणि त्याच वर्गांत ‘थाखर’ म्हणणारें मूल ‘लहान आहे, सुधारेल’ म्हणून सोडून द्यावें, असा उलटा न्याय होण्याचा संभव असतो. भेद ओळखणें अवघड नाहीं. बोलीचा उच्चार आजीपासून नातवापर्यंत साऱ्या घराचा असतो आणि तो एका नियमानें चालतो. बिघाडाचा उच्चार त्या एका मुलाचा असतो, आणि त्याच्याबरोबर उघडे ओंठ, पुढें येणारी जीभ किंवा खाण्यांतली कुचंबणा अशी दुसरी कांहींतरी खूण असते.

दांतांची फट किती मिलिमीटर आहे तें दंतवैद्य मोजूं शकतो. ती मुलाला किती खुपते, तें मात्र त्याच्या पट्टीवर येत नाहीं. टोरांटो येथील संशोधकांनीं २००२ सालीं ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठीं एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचा विशेष असा कीं, ती आईबापांना किंवा डॉक्टरांना न विचारतां मुलालाच विचारते, आणि गेल्या तीन महिन्यांपुरतें विचारते: जेवायला इतरांपेक्षां जास्त वेळ लागला काय, तोंडानें श्वास घ्यावा लागला काय, झोप मोडली काय, शब्द उच्चारतांना अडचण झाली काय, आणि पुढें, हंसणें टाळलेंस काय, वर्गांत मोठ्यानें वाचायला नको वाटलें काय, कोणी चिडवलें काय. प्रश्न साधे आहेत, परंतु ते ज्या क्रमानें दांतांपासून मनापर्यंत जातात तोच या विषयाचा गाभा आहे. अशा प्रश्नांवरून एक गोष्ट दिसून आली. बिघाड मोठा असूनही खुशाल हंसणारीं मुलें असतात, आणि थोड्याशा फटीपायीं तोंडावर हात धरून बोलणारींही असतात. तेव्हां ‘एवढ्याशा दांताचें काय घेऊन बसलास?’ या प्रश्नाला अर्थ नाहीं. ‘दांतऱ्या’, ‘बोबड्या’, ‘शेंबड्या’ अशीं टोपणनांवें मास्तर विसरतात, वर्गबंधूही विसरतात. ज्याला मिळालीं तो मात्र विसरत नाहीं. शिवाय पुढें आलेले दांत खेळतांना पडल्यास मोडण्याचा धोकाही अधिक असतो, आणि तुटलेल्या समोरच्या दांताचें दुखणें जन्मभराचें होऊं शकतें.

मग करावें काय? सर्वांत आधीं कारण शोधावें. नाक बंद असेल तर नाकाचा उपचार, आणि तो ‘मोठें झालें कीं बरें होईल’ म्हणून लांबवूं नये. उपचारानंतर नाक मोकळें झालें तरी कित्येक मुलें ओंठ उघडेच ठेवतात; त्यांना ओंठ मिटण्याची आठवण कांहीं आठवडे गोडीनें द्यावी लागते. अंगठा चोखणाऱ्या मुलाच्या बाबतींत, तो केव्हां तोंडांत जातो याचें आठवडाभर निरीक्षण केलें तर बहुधा कारण हातीं लागतें: झोंप आली असतां, भूक लागली असतां, धाकटें भावंड आईच्या मांडीवर आलें असतां, किंवा घरांत आवाज चढले असतां. मिरची त्या कारणाला लागत नाहीं. ती डोळ्यांत मात्र जाते. चार-पांच वर्षांचें मूल स्वतः सोडण्यास राजी झालें, तर अंगठ्याला चिंधी किंवा रात्रीं हातमोजा ही शिक्षा न राहतां आठवण होते, आणि न चोखलेल्या रात्रींची खूण दिनदर्शिकेवर करण्यांत त्यालाच अभिमान वाटतो. समोरचे कायमचे दांत पुरते येण्यापूर्वीं संवय सुटली, तर पडलेली फट बहुधा आपोआप भरून येते. अरुंद झालेली कमान तितक्या सहजी रुंदावत नाहीं, म्हणून वेळ महत्त्वाची. सहाव्या-सातव्या वर्षानंतरही अंगठा सुटला नाहीं, तर दंतवैद्य टाळूशीं एक लहानशी तारेची जाळी बसवितात. २०१५ सालीं कॉक्रेन या वैद्यकीय आढावा-संस्थेनें अशा उपायांचे प्रयोग एकत्र तपासले. मुलाला समजावून व उत्तेजन देऊन केलेले प्रयत्न आणि तोंडांतलीं साधनें हीं दोन्ही कांहींच न करण्यापेक्षां उपयोगी पडतात, असें तिला आढळलें, मात्र पुरावा अद्याप बेताचाच आहे असेंही तिनें सांगितलें. खर्च व दगदग पाहतां उत्तेजनापासून आरंभ करणें केव्हांही शहाणपणाचें.

फैजपूरसारख्या गांवांतून दांत सरळ करण्याच्या दीर्घ उपचारासाठीं जळगांवला किंवा धुळ्याला महिनोन्‌महिने खेपा घालणें सर्वांना परवडत नाहीं. म्हणूनच लवकर पाहणें हेंच स्वस्त. ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं पालघर येथें ज्याचा आरंभ झाला, त्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाड्यांतून व सरकारी शाळांतून मुलांची तपासणी व्हावयाची असते, आणि त्यांत दांतांचाही समावेश आहे. परंतु वर्गांत रांगेंत उभ्या असलेल्या मुलाच्या तोंडांत डॉक्टर क्षणभरच डोकावूं शकतो. तें मूल घोरतें, भाकरी टाळतें, अंगठा घेऊन झोपतें, हें आईनें सांगितलें तरच त्याला कळणार.

इतर संवयींविषयीं थोडक्यांत. नखें कुरतडण्यानें दांत फारसे हलत नाहींत. पण कडा झिजतात आणि नखांखालचे जंतु व जंतांचीं अंडीं पोटांत जातात. झोपेंत दांत खाणें हें जंतांमुळेंच होतें, अशी घरोघरची ठाम समजूत आहे. तिला भक्कम आधार नाहीं; जंतांचें औषध अवश्य द्यावें, पण दांत खाणें त्यानें थांबेलच असें नाहीं. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडांत ठेवून मूल झोपवणें ही मात्र खरोखर घातक रीत. वरचे दुधाचे दांत तिनें एकामागून एक किडतात.

उरते ती एक संवय, जी अंगठा सुटल्यावर कांहीं वर्षांनीं लागते आणि जिच्यापुढें अंगठा निरुपद्रवी म्हणावा. शाळेच्या वाटेवरच्या टपरीवर मिळणारी गोड सुपारी. ती गुटखा नव्हे, तंबाखू नव्हे, म्हणून पुष्कळ घरांत लग्नाकार्यांत मुलांच्या हातांवर ती सहज ठेवली जाते. १९५३ सालीं मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनीं टाळू व घसा यांची आंतली त्वचा घट्ट, पांढुरकी होऊन तोंड उघडेनासें होतें अशा विकाराचें वर्णन केलें. पुढील संशोधनानें त्याचें मुख्य कारण सुपारी असल्याचें दाखवून दिलें, आणि २००४ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरविलें. महाराष्ट्रांत २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. नुसत्या सुपारीला ती सवलत आजही रीतीरिवाजानें मिळते. या विकारांत प्रथम तिखट झोंबूं लागतें, मग गाल ताठरतात, मग घांस लहान होत जातो, शिट्टी वाजेनाशी होते. आणि एकदां आंतली त्वचा आवळली कीं ती पूर्ववत् होत नाहीं. वाढलेल्या मुलानें स्वतःचीं तीन बोटें उभीं धरून समोरच्या दांतांमध्यें घालून पाहावीं. तीं सहज गेलीं तर ठीक. दोनच जात असतील तर त्याच आठवड्यांत दंतवैद्याकडे जावें, आणि खिशांतली पुडी जातांना बरोबर न्यावी. तिच्यावर काय छापलें आहे तें डॉक्टरांना पाहावयाचें असतें.